रडायची जागा

भावना मंगळवारी गेली. लोकांना ते गुरुवारी कळलं. मधला बुधवार माझा आणि ओवीचा होता. ओवी आमची मुलगी, तेरा वर्षांची. फ्रिजमध्ये भावनाने भिजवून ठेवलेले चणे होते, ते शिजवायचे की टाकायचे एवढंच बोलणं झालं. ओवी म्हणाली, "कुक देम, बाबा." मी शिजवले, आम्ही खाल्ले. गुरुवारी मला पॅरामॅटाला जावं लागलं, अंत्यविधी करणाऱ्या लोकांच्या ऑफिसात सह्या करायला. परत येताना टूनगॅबीची ट्रेन पकडली. दुपार होती, डबा अर्धा रिकामा. माझ्या पुढच्या सीटवर सुपरमार्केटचा युनिफॉर्म घातलेली एक मुलगी बसली होती, आपल्याकडची, स्टुडंट असावी. ती फोनवर काहीतरी बघत होती आणि सीटच्या फटीतून मला स्क्रीन दिसत होता. पिवळ्या साडीतली एकवीस-बावीस वर्षांची कोणी पोरगी स्टेजवर गात होती. मागे दिवे लुकलुकत होते. गाता गाता ती मध्येच थांबली, तिचे ओठ थरथरले आणि ती रडायला लागली. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. तेव्हा तिने मनगटाची उलटी बाजू डोळ्यांवरून फिरवली, आणि मग मी ओळखलं. भावना कांदा चिरताना असेच डोळे पुसायची. समोरच्या मुलीनेही डोळे पुसले. मी पुढे वाकलोय ते तिला कळलं असावं. ती वळून म्हणाली, "सॉरी अंकल, आवाज़ ज़्यादा है क्या?" मी म्हणालो, "नाही, असू दे." मराठी ऐकून तिला बरं वाटलं. म्हणाली, "आपली सिंगर होती, भावनाताई. गेल्या म्हणे. इथेच राहायच्या, टूनगॅबीला. सिडनीत आहेत एवढंच माहीत होतं हो, इतक्या जवळ ते नव्हतं." मी म्हणालो, "हो का." पेंडल हिल गेलं, टूनगॅबी आलं, मी उतरलो. प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की लोकांची जी भावना गेली तिला मी कधी भेटलोच नव्हतो.

हे खरंच तसं होतं. दोन हजार सातला ती टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत होती तेव्हा मी मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होतो. आमच्या खोलीत सगळे मल्याळी, टीव्हीवर त्यांचं चॅनल लागायचं. परभणीत, तिच्या गावी, तेव्हा तिचे फ्लेक्स लागले होते, वस्तीतल्या लोकांनी फोन हातोहात फिरवून तिला मतं दिली होती, आपली पोरगी पुढे गेली पाहिजे म्हणून. ती तिसरी आली. पण पहिली आलेली कोण ते आज कोणाला आठवत नाही. लोकांच्या लक्षात राहिली ती, गाता गाता रडलेली. पुढे मी तिला बघायला गेलो तर तिच्या मावशीने कौतुकाने विचारलं, "टीव्हीवर पाहिलंच असेल की हिला?" मी म्हणालो, "नाही." "एकदाही नाही?" "मल्याळी चॅनल लागायचं आमच्याकडे." माझ्या काकाने मला कोपर मारलं. आणि पोह्यांची ताटली घेऊन उभी असलेली भावना एकदम हसली, इतकी की तिला ताटली खाली ठेवावी लागली. लग्नानंतर म्हणाली की आधीच्या चारही स्थळांनी तिला ते गाणं म्हणायला लावलं होतं, आणि एकाच्या आईने तर विचारलं होतं, "रडली नाही ती आज?" तिने मला तो व्हिडिओ कधी दाखवला नाही, मी कधी मागितला नाही. अडून बसलो होतो असं नाही. घरात तिचा आवाज असायचाच, मग फोनमध्ये कशाला शोधायचा.

रडण्याचं खरं कारण तिने मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी, इथे आल्यावर, सांगितलं. ती ओळ विसरली होती. दुसरं काही नाही. आईची आठवण नाही, वस्तीची नाही, बाबासाहेबांच्या उपकारांची नाही, लोकांनी मागून जे जे लावलं त्यातलं काहीच नाही. ओळ डोक्यातून पुसली गेली, समोर कॅमेरे, आणि भीतीने रडू फुटलं. "मला वाटलं, संपलं आता. तर लोक उभेच राहिले रे," ती म्हणाली. "मी चुकले आणि तेच त्यांना आवडलं." त्यानंतर जिथे जिथे कार्यक्रम झाला तिथे लोक त्या जागेची वाट बघायचे. ती जागा जवळ आली की खुर्च्यांचे आवाज बंद व्हायचे. एकदा जालन्यात ती न थांबता, न रडता ओळ पूर्ण गायली तर लोक म्हणाले, मोठी झाली आता, बदलली. मग ती थांबायला लागली. रडायचीही. कसं रडायचीस विचारलं तर म्हणाली, "येतं रे. लोकांची तोंडं बघितली की येतं."

आम्ही सिडनीला आलो ते माझ्या व्हिसावर. इथे कोणी तिला ओळखत नव्हतं आणि तिला ते फार आवडलं. इथेच ती मला तू म्हणायला लागली. ती एजेड केअरमध्ये कामाला लागली, म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, जेवू घालायची, आणि काम करता करता गायची. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, थायरॉइडची गाठ होती. गाठ साधी निघाली पण आवाज खाली उतरला तो उतरलाच. वर जायचाच नाही. मला वाटलं ती खचेल. ती मात्र या खालच्या आवाजात काय काय बसतं ते शोधत बसली. म्हणायची, "हा आवाज कोणाचा आहे ते मलाच माहीत नाही अजून." तिच्या कामाच्या ठिकाणी मिस्टर कॉन्टी म्हणून एक इटालियन म्हातारे होते. त्यांना स्वतःचं नावसुद्धा कधी आठवायचं, कधी नाही. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. एकदा ती गात असताना त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि म्हणाले, "नो. टुडे, नो गुड." ती घरी आली ती नाचतच. पर्स सोफ्यावर फेकली आणि म्हणाली, "धर्मपाल, आज मला एकाने तोंडावर सांगितलं, वाईट गातेस!" त्या दिवशी तिने शिरा केला. मला ते कळलं नव्हतं. मी म्हणालो, "अगं, त्या माणसाला काय कळतंय?" ती म्हणाली, "त्याला मी कोण ते कळत नाही. गाणं कळतं." मागच्या हिवाळ्यात मिस्टर कॉन्टी गेले. ती त्यांच्या अंत्यविधीला गेली, घरचे सोडले तर तीच शेवटपर्यंत थांबली. येऊन म्हणाली, "माझा एकच ऐकणारा होता."

मग तिने मला धरलं. तिने स्वतः एक गाणं बांधायला घेतलं होतं, शब्दही तिचे. त्यात विशेष काही घडत नाही. एक बाई दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईचे केस विंचरते आणि तिला तिकडच्या स्वतःच्या आईचे केस आठवत नाहीत, काळे होते की पांढरे. एवढंच. ती म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "छान." ती म्हणायची, "छान नको. एसीचा आवाज ऐकून तुला कळतं ना आत काय बिघडलंय? तसं ऐक." मला हसू आलं. पण मग मी तसं ऐकायला लागलो, डोळे मिटून, ती माझी बायको आहे हे बाजूला ठेवून. सोपं नव्हतं. बऱ्याच वेळा ऐकल्यावर मला जाणवलं की तिसरी ओळ वर चढते तिथे, चढायच्या जरासं आधी, आवाज दबतो. मशीन लोड घ्यायच्या आधी अडखळतं तसा. मी म्हणालो, "तिथे तू घाबरतेस." ती ओट्यापाशी गेली, पाणी प्यायली. मला वाटलं दुखावली. मग पाठ करूनच म्हणाली, "हो. तिथेच." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही त्या दिवसाइतके जवळ कधी आलो असू असं मला वाटत नाही.

ते गाणं तिने लोकांसमोर एकदाच म्हटलं, याच वर्षीच्या बाबासाहेबांच्या जयंतीला. पूर्वी आमच्या जयंतीला साठेक माणसं असायची, सगळी एकमेकांच्या ओळखीची. गेल्या दोन वर्षांत स्टुडंट इतके आले की हॉल भरून माणसं बाहेर उभी होती. पोरं शिफ्टवरून तशीच येतात, डिलिव्हरीच्या बॅगा दाराशी ठेवून. एका घरात सहा-सहा जण राहतात, आणि तिकडच्या आठवणीने झुरतात. कोणीतरी भावनाला ओळखलं आणि ते हॉलभर झालं. सुलोचनाताईंनी, त्या आमच्यात सगळ्यात जुन्या, तिला स्टेजवर बोलावलं. ती म्हणाली, नवीन म्हणते. तिने केसांचं गाणं म्हटलं. तिसऱ्या ओळीला घाबरली, पण म्हटलं. टाळ्या खूप पडल्या. आणि टाळ्या संपायच्या आत मागून आवाज आला, "ताई, आता ते म्हणा ना!" मग सगळीकडून. तिने गळ्यापाशी हात नेला, ऑपरेशनची खूण दाखवली, म्हणाली, "तो आवाज आता नाही माझ्याकडे." तर कोणी पोरगा ओरडला, "काळजी नको ताई, आम्ही म्हणतो!" आणि तीनशे लोकांनी ते गाणं म्हणायला सुरुवात केली. फोन वर गेले. पोरांची तोंडं इतकी आनंदी होती. ती माईक धरून उभी. रडायच्या जागेला सगळे एकदम थांबले आणि तिच्याकडे बघायला लागले. ती रडली नाही. हात जोडून उभी राहिली. त्यांना वाटलं, भरून आलंय. परत येताना गाडीत तिने आधी काच खाली केली. मग म्हणाली, "किती प्रेमाने गप्प केलं रे त्यांनी मला." मागच्या सीटवर ओवी होती. तिच्या खोलीत कोरियन पोरींच्या एका ग्रुपचं पोस्टर होतं, त्यातली एक ग्रुप सोडून स्वतःची गाणी करायला लागली म्हणून ओवीने तिच्या तोंडावर स्टिकर चिकटवला होता. भावनाने एकदा विचारलं होतं, काय वाईट केलं गं तिने? "नथिंग. शी चेंज्ड. वी वोटेड फॉर हर, मम्मा. शी ओज अस, आपलं देणं लागते ती." गाडीत ओवी हळूच म्हणाली, "मम्मा, बट दे लव्ह यू." भावना म्हणाली, "माहितीय गं." घरी आल्यावर ओवीने स्टिकर काढायला घेतला, पण त्याबरोबर कागदही सुटून आला.

अंत्यविधी शनिवारी आम्ही थोडक्यात उरकला. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम त्यापुढच्या आठवड्यातल्या रविवारी, त्याच हॉलमध्ये. त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी दारावर बेल वाजली. ट्रेनमधली मुलगी होती. मला बघून तिचा चेहराच उतरला. "अंकल... तुम्ही? बाप रे. मी तुम्हालाच सांगत होते." मी म्हणालो, "असू दे, आत ये." तिचं नाव मंजिरी, लातूरची, इथे मास्टर्स करते. खिचडीचा डबा आणला होता आणि मोठी गुंडाळी. स्टुडंटनी फ्लेक्स छापून आणला होता. जमिनीवर उलगडला तर आमच्या घरातल्या हॉलमध्ये मावला नाही, एक टोक किचनमध्ये गेलं. पिवळ्या साडीतली भावना, डोळ्यांत पाणी, वर भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली ओळीने गोलगोल फोटो, फ्लेक्स करणाऱ्या पोरांचे, एकाने गॉगल लावलेला. ओवी म्हणाली, "व्हाय इज ही वेअरिंग सनीज?" मंजिरी कानकोंडी झाली. "दादांचा तेवढा एकच चांगला फोटो होता." मला हसू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि मग तिघंही हसलो. हसून झाल्यावर मंजिरी म्हणाली, "अंकल, एक विचारायचं होतं. रविवारी आम्ही ताईंचं गाणं म्हटलं तर चालेल का?" मी विचारलं, "कुठलं गाणं?" ती गोंधळली. "त्यांचं. ते." मी म्हणालो, "जयंतीला तिने एक म्हटलं होतं. तू होतीस का?" "होते ना!" "ते कोणाकडे रेकॉर्ड असेल का? आमच्याकडे नाही. तिला स्वतःचं रेकॉर्डिंग आवडायचं नाही." तिने लगेच तिथेच बसून सगळ्या ग्रुपवर विचारलं. तासाभरात बरेच व्हिडिओ आले. सगळे लोक गायला लागले तिथून सुरू होत होते. त्याच्या आधीचा एकही नव्हता. एकात सुरुवातीला तिच्या आवाजाचं शेपूट होतं, एक श्वास असावा, की माईकची घरघर. मी ते पुन्हा पुन्हा लावून बघितलं. मंजिरी म्हणाली, "मला ते गाणं नीट आठवत नाही, अंकल. खरं सांगू? मी आईला व्हिडिओ कॉल लावत होते तेव्हा, ताईंना दाखवायला." ती रडायला लागली. मी तिला म्हणालो, "म्हणा तुम्ही तुमचं गाणं." तुमचं म्हणालो ते तिच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

रविवारी हॉल भरला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण-पंचशील झालं, भन्तेंनी जलदान करवलं. मी आणि ओवीने वाटीत पाणी ओतलं, पाणी काठावरून खालच्या ताटलीत सांडत राहिलं. फ्लेक्स मागे लावला होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो, पण येणारा प्रत्येक माणूस माझ्या डोक्यावरून तिच्याकडे बघत होता. लोक बोलले. एकजण म्हणाला, ताई कधी चुकल्या नाहीत. एकजण म्हणाला, इतकी मोठी असून शेवटपर्यंत तशीच राहिली, बदलली नाही. सुलोचनाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या, हळूच म्हणाल्या, "धर्मपाल, तू बोल दोन शब्द. लोकांना ऐकायचंय." मी उठलो. मला सांगायचं होतं की ती चुकायची. तिसऱ्या ओळीला घाबरायची. तुम्ही जिथे उभे राहिलात तिथे ती ओळ विसरली होती. मला सांगायचं होतं की ती रोज बदलत होती, आणि ते बघायला घरात मी एकटा होतो, आणि मी पुरा पडलो नाही. समोर मंजिरी उभी होती, तिने फोन छातीशी उभा धरला होता. फोनमध्ये तिची आई होती, लातूरच्या स्वयंपाकघरात, डोक्यावर पदर घेऊन हात जोडलेली. त्या बाईने, मंजिरीने सांगितलं होतं, वस्तीतल्या कोणाच्या फोनवरून मत दिलं होतं, मंजिरी कडेवर असताना. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. हे तिचंही माणूस गेलं होतं. मी म्हणालो, "सगळे आलात. आभारी आहे." आणि खाली बसलो.

मग त्यांनी ते गाणं म्हटलं. मी पहिल्यांदा सगळं ऐकलं. चांगलं गाणं आहे. इतकी पोरं, कोणाचा सूर वर, कोणाचा खाली, पण मनापासून. त्या जागेला पोचल्यावर हॉल एकदम थांबला. कोणी सांगितलं नव्हतं, सगळ्यांना माहीतच होतं. पंख्यांचा आवाज येत होता. ओवीने माझा हात घट्ट धरला. त्या शांततेत कुठली ओळ होती ती त्या हॉलमध्ये कोणालाच ठाऊक नव्हती असं मला क्षणभर वाटलं, मलाही. आणि मग मी रडलो, मोठ्याने, सगळ्यांसमोर. बरोबर जागेवर रडलो. लोकांना बरं वाटलं असेल. सुलोचनाताई माझी पाठ थोपटत राहिल्या.

घरी आल्यावर ओवीने विचारलं, "बाबा, मम्माचं रिअल साँग तुला येतं?" मी म्हणालो, "शब्द येतात." ती म्हणाली, "आय नो द ट्यून. सॉर्ट ऑफ." आम्ही डायनिंग टेबलाशी बसलो. मी शब्द सांगत गेलो, ती गुणगुणत गेली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीला ती वर गेली आणि थांबली. "इज दॅट राइट?" मला सांगता येईना. जायच्या दोन दिवस आधी, ज्या रविवारी सकाळी भावना खाली कोसळली, त्याच सकाळी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, मी गाडी काढत होतो. ती तोंडातला चिमटा काढून म्हणाली, "ए, तिसरी ओळ बदलली मी. आता नाही घाबरत. थांब, ऐक." मला ब्लॅकटाउनला एसी दुरुस्तीच्या कॉलवर पोचायचं होतं. मी म्हणालो, "संध्याकाळी." ती म्हणाली, "बरं, संध्याकाळी." ओवीला मी एवढंच सांगितलं की मम्माने तिसरी ओळ बदलली होती. ती म्हणाली, "टू व्हॉट?" मी म्हणालो, माहीत नाही. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं, आणि तिसरीला पुन्हा थांबली.

बदललेली तिसरी ओळ ऐकायची राहिली आहे.